रोडेनवांगची खुडूक

रोडेनवांग हे स्वतंत्र शहर. वर फक्त बादशहा, त्याच्या वर देव, आणि दोघांनाही न विचारता नाणी पाडायची मुभा. त्या साली बाट्सन नावाच्या चांदीच्या नव्या नाण्यावर शहराचा गरुड कोरायचं काम नगराध्यक्षांच्या जावयाला मिळालं. अर्थात गुणांवरच, सासरा नगराध्यक्ष असणं हा निव्वळ योगायोग.

कोंबड्या विकणाऱ्या वाल्बुर्गाच्या हाती ते नाणं आलं, तशी ती शेजारच्या मासेवालीला म्हणाली, "अगं कुनिगुंडे, बघ तरी! ही खुडूक कोंबडी कुणी बसवली इथे?"

तिचा जन्म कोंबड्यांत गेलेला. टवाळी करायची म्हणून नव्हे, ओळख पटली म्हणून ती बोलली. पण बाजार काय, "दोन खुडूक द्या, सुटी खुडूक नाही का?" असंच बोलू लागला, आणि वाल्बुर्गाला नगरसभेचं बोलावणं आलं.

सभेपुढे ती भीत भीतच उभी राहिली.

"बाई, शहराच्या गरुडाला तू कोंबडी म्हणालीस?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"गरुड कधी विकला नाही ना मी, सरकार."

"पण त्यात कोंबडीसारखं आहे तरी काय?"

"पिसं फुगलीत, मान आत, बूड खाली. अंड्यांवर बसलीय, सरकार."

दोघातिघा सभासदांना एकदम खोकला आला. जावईबापू लालबुंद झाले. मग कारकून आयटेलने घसा खाकरून गंभीरपणे निकाल वाचला, "शहराची बेअदबी केल्याबद्दल दंड, सहा खुडूक."

सभागृह खो खो हसत सुटलं. आयटेलला जागच्या जागी तेवढाच दंड झाला, नोकरीही गेली. बिचाऱ्याचा खिसा रिकामा. त्याचा पगार सभेनेच थकवला होता. शहराची शान राखायला खर्च का थोडा येतो!

ते पाहून वाल्बुर्गाची भीती पार पळाली. तिने दोघांचाही दंड मेजावर आदळला.

"चला हो कारकूनसाहेब. पिंजरे उचलायला मला माणूस हवाच होता. पगार रोजच्या रोज."

सभाही शहाणी झाली. पक्षीच नको, पुढच्या नाण्यावर नुसतं शहराचं आद्याक्षर. काम पुन्हा जावयालाच. त्याने ठशावर अक्षर अगदी सुरेख, सुलट कोरलं. साहजिकच चांदीवर ते उलटं उठलं.

आयटेलने नाणं पाहिलं आणि हसत हसत पिंजऱ्यावरच बसकण मारली. वाल्बुर्गाला अक्षरओळख नव्हती. तिने नाणं उन्हात धरून नीट निरखलं.

"हसता काय?" ती म्हणाली. "या खेपेला जमलंय की पोराला."