काकांच्या रनरचं कौतुक

ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत, आणि 'माझ्याकडे तर चालतंय' हे काकांचं पेटंट वाक्य होतं. त्यांनी लिहिलेला टेस्ट रनर, म्हणजे सगळ्यांच्या चाचण्या एकामागून एक चालवून चुका पकडणारा प्रोग्रॅम, त्यांच्या मशीनवर अगदी शहाण्या मुलासारखा वागे. दुसऱ्या कुणाकडे मात्र 'फाइल सापडली नाही' म्हणून हात वर करी. चाचणीला लागणारी नमुन्याची फाइल बिचारी नाकासमोर असायची.

अखेर टीमच्या प्रमुख ताईंनी स्पष्टच सांगितलं, की आज संध्याकाळपर्यंत हा सुधारला तर ठीक, नाहीतर उद्यापासून बाहेरचा रनर. पोटच्या पोरासारखं जपलं होतं त्यांनी ते प्रकरण. सकाळभर कोड उपसला, हाती काही लागेना.

तेवढ्यात बायकोचा फोन. स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलाय? काकांनी स्क्रीनवरून नजर न हलवता उजव्या हाताचं कपाट सांगितलं. तिथे नुसत्या वायरी निघाल्या. काका ठाम होते, तिथेच आहे, नीट बघ.

"तुमच्या खुर्चीत बसल्यावर ते उजवं," बायको म्हणाली. "मी दारात उभी आहे. दर वेळी आधी तुमच्या खुर्चीत येऊन बसायचं का मी?"

काका इतके खूश झाले, की फोन ठेवायचं विसरून कामाला लागले. रनर फाइलचा पत्ता मोजायचा चालवणारा ज्या फोल्डरातून त्याला चालू करेल तिथून! काका नेहमी मुख्य फोल्डरातून चालू करत, बाकीचे आपापल्या. आता पत्ता मोजायचा तो त्या त्या चाचणीच्या जागेपासून, मग चालवणारा कुठेही उभा असो.

दुपारी ताईंच्या मशीनभोवती सगळे जमले. ताईंनी मुद्दाम कुठल्याशा आतल्या फोल्डरातून रनर चालू केला. फाइल्स भराभर सापडत गेल्या, हिरव्या खुणा उमटत गेल्या, आणि मध्येच एक लाल. चूक कुणाची? काकांची! त्यांच्या मुख्य फोल्डरात नमुन्याच्या फाइलची एक जुनी प्रत पडून होती. त्यांची चाचणी आजवर तीच वाचून खुशाल पास होत होती. आज खरी फाइल वाचली आणि तोंडघशी पडली.

कुणाला हसावं की नाही कळेना. पहिले हसले ते काकाच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इतक्या आनंदानं स्वतःची चूक पाहणारा माणूस त्या खोलीत याआधी कुणी पाहिला नव्हता.

"हा तर बापालाही सोडत नाही," ताई म्हणाल्या. "बाहेरचा नको. हाच राहू दे."