सव्वीस नंबरचं रक्त

"सव्वीस नंबर म्हणजे कोण, ते तू विसरायचंस," स्क्रीनवरची नजर न हलवता कारखानीस सर म्हणाले. "ही प्रयोगशाळा आहे, दवाखाना नाही."

हर्षला त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. पीएचडीचं पाचवं वर्ष. स्तनाचा कॅन्सर काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या का उतरतो, हा तिचा विषय. त्यासाठी चौक गावाजवळच्या आपल्याच खेड्यात तिने बायकांकडे रक्त मागितलं होतं. परक्या कुणाला त्यांनी दंडाला हात लावू दिला नसता. शेजारच्या कोंडीकाकीच्या दोन बहिणी याच रोगाने गेलेल्या. काकीने स्वतः दिलं, लेकीला, ऋतिकालाही द्यायला लावलं. "काय निगालं तं सांग हां गं," एवढंच म्हणाली होती.

ऋतिकाच्या, म्हणजे सव्वीस नंबरच्या रक्तात हा रोग आणणारा जनुकदोष सापडला, त्याला आठ महिने झाले. हर्षलाने तेव्हाच विचारलं होतं, "सर, कळवायची सोय संमतीपत्रात आहे."

"आहे. पण आधी नैतिकता समिती, मग त्यांचे प्रश्न, मग उशीर. पेपर छापून येऊ दे."

प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. ती गप्प बसली. आणि काल आईचा फोन आला. ऋतिका साजगावहून माहेरी आली होती, काखेत गाठ घेऊन.

"तिला गाठ आलीय, सर."

सर पहिल्यांदा वळले. "तारीख टिपून ठेव. पेपरात उपयोगी पडेल."

"टिपलीय. समितीला पत्र पाठवलंय, त्यात आहे. आठ महिनेही आहेत. तुमचं नाव आहे, माझंही."

"पीएचडी विसर मग!"

तिने दार इतक्या जोरात ओढलं, की बाहेर बसलेली मुलं उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीकाकी ओटीवर तांदूळ पाखडत होती. हर्षलाने काही न लपवता सगळं सांगितलं.

"आठ म्हयनं तुला ठावं व्हतं?"

"हो, काकी."

"मी इचारलं तवा म्हनालीस, अजून काय नाय."

"हो."

"का गं?"

"सर नको म्हणाले."

काकीने सूप आदळलं. तांदूळ ओटीभर उडाले. "त्या सराला मी वळखत नाय! रगात मी तुला दिलं व्हतं."

सरांवरचा, रात्रभर घोटून ठेवलेला सगळा संताप घेऊन हर्षला आली होती. इथे तो दाखवायला तोंड उरलं नव्हतं. पनवेलच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी आपण बोललोय, आजच तपासतील, एवढंच ती कशीबशी म्हणाली. ऋतिका आतून साडी बदलून आली. "आये, चल. भांडन मागनं कर."

पनवेलची एसटी मिळाली. तिघींच्या बाकावर ऋतिका खिडकीशी बसली, काकी तिच्या शेजारी. कडेच्या जागेवर काकीने आपली पिशवी ठेवली.

"बसा की ताई, जागा हाय," कंडक्टर म्हणाला.

काकीने पिशवी उचलली नाही. लेकीचा हात मांडीवर घेऊन ती समोर बघत राहिली.

"असू द्या," हर्षला म्हणाली, आणि पनवेल येईपर्यंत दांडी धरून उभी राहिली.