मी, भित्री बंदूक

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, माझ्या दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत. खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा मीच जास्त दचकते. बंदुकीने भित्रं असावं हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तुमच्याच पोटातून असा आवाज निघत असता, तर तुमचंही माझ्यासारखंच झालं असतं.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा, १९७१ सालचा. दोन पोलादी नळ्या शेजारीशेजारी जोडल्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि खाली दोन चाप दिले. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. मग एका जाड भिंतींच्या खोलीत मला एकटीला बांधून, नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढला. फुटले नाही, म्हणून शिक्का मारला. लोक तो शिक्का कौतुकाने बघतात. मला मात्र ती खोली आठवून अजून धडकी भरते.

माझा पहिला मालक नॉरफकचा एक शेतकरी. पिकावरची कबुतरं उडवायला त्याने मला घेतलं होतं. माणसं मला चेहऱ्यांपेक्षा हातांनी कळतात. त्याचे हात राठ, गार, पण फार जपून वागणारे होते. साधं कुंपण ओलांडायचं असलं तरी तो आधी मला उघडायचा, काडतुसं काढून खिशात टाकायचा आणि मगच पाय उचलायचा. तोही मला थोडा भ्यायचा, आणि म्हणूनच त्याच्याजवळ मला निर्धास्त वाटायचं. तो गेल्यावर त्याच्या बायकोने मला लेस्टरच्या एका दुकानात देऊन टाकलं. तिथे चापांमधून साखळी ओवून मला सात वर्षं उभं केलं होतं. कुणी विचारत नव्हतं आणि माझी काही तक्रार नव्हती.

२००८च्या ऑगस्टमध्ये जयंतराव आणि नंदाबाई दुकानात आले. जयंतराव दातांचे डॉक्टर. चौतीस वर्षं लेस्टरला काढलेली, पाठदुखीचं कारण सांगून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पोलिसांकडून मिळालेलं बंदूक बाळगायचं सर्टिफिकेट त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"कशासाठी हवीय?" दुकानदाराने विचारलं.

"क्ले पिजन," जयंतराव पाठ केल्यासारखं म्हणाले. उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायचा हा इथला खेळ. लेस्टरच्या मराठी मंडळातल्या सतीशने त्यांना पढवून ठेवलं होतं, की या देशात स्वतःच्या रक्षणासाठी बंदूक हवी म्हटलं की पोलीस सरळ नाही म्हणतात. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस दुसऱ्याच वाक्याला घसरतो. "खाऱ्या हवेत गंज कितपत चढतो हो?" त्यांनी विचारलं.

दुकानदाराच्या भुवया वर गेल्या. "तबकड्या समुद्रात उडवणार की काय?"

नंदाबाईंनी सगळं सांगून टाकलं. ऑरवेल नदीत यांची शिडाची बोट आहे, नाव 'वैजयंती'. पुढच्या मे महिन्यात दोघांनीच ती घेऊन भूमध्य समुद्र, सुएझ, एडन करत कोकणात जायचं. हर्णैच्या बंदरात स्वतःच्या बोटीतून उतरायचं, हे यांचं शाळेपासूनचं वेड. आणि टीव्हीवर तर रोज सोमाली चाचे दाखवतात.

"मॅडम, त्या लोकांकडे मशीनगन असतात," दुकानदार म्हणाला. "तुम्ही ही नुसती दाखवलीत तरी ते आधी गोळी घालतील. शिवाय प्रत्येक बंदरात कस्टम्सवाले ही सील करून ठेवणार. मोठा भोंगा घ्या. आकाशात सोडायचे इशाऱ्याचे फ्लेअर घ्या."

"भोंगा वाजवून चाचे पळतात का?" जयंतराव तडकले. "मला हिच्या सेफ्टीची काळजी आहे."

त्यांना आधी नवीकोरी पंपाची बंदूक दाखवली. तिचा पुढचा दांडा झटक्यात मागे ओढावा लागतो. जयंतरावांनी दोनदा ओढला, दोन्ही वेळा मध्येच अडकला. "फार आवाज करते," असं म्हणून त्यांनी ती बाजूला सारली. मग साखळी काढून मला त्यांच्या हातात दिलं.

आणि मला कळलं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जणू बोटांत नसलेली गोळी वळत होती. दस्ता घट्ट धरला की थरथर थांबे, सैल सोडला की पुन्हा सुरू. हे हात कधीकाळी फार नेमके होते, हेही मला जाणवलं. मी मनात म्हटलं, देवा, या हातांत नको. पण बंदुकीला कोण विचारतं? "हीच पॅक करा," जयंतराव म्हणाले. नंदाबाई काचेच्या कपाटातल्या चाकूंकडे बघत होत्या. त्यांनी इतकं मन लावून चाकू बघावेत असं त्यांत काही नव्हतं.

घरी जिन्याखाली लोखंडी कपाटात माझी सोय झाली. तेल लावायच्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर असे. तिथून मला या घराची एक रीत दिसली. नंदाबाई स्वतःला कप भरून चहा घ्यायच्या आणि नवऱ्याला बरोबर अर्धा. बशी नाहीच. "गार होतो तुमचा, संपला की अजून देते," असं म्हणायच्या. शर्टाचं वरचं बटण जाताजाता लावून द्यायच्या. कौन्सिलचे फॉर्म "माझं अक्षर चांगलं आहे" म्हणून ओढून घ्यायच्या. जयंतराव मुकाट्याने अर्धा कप प्यायचे. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. इतक्या प्रेमाने लपवलेली गोष्ट मी कधी पाहिली नव्हती, आणि तिचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

दसऱ्याला त्यांनी शस्त्रपूजा केली. पाटावर मला आडवं ठेवलं, शेजारी बोटीचं होकायंत्र आणि जयंतरावांचा दात काढायचा जुना चिमटा. हळदकुंकू झालं, झेंडू आला, अक्षता पडल्या. तांदळाचा एक दाणा माझ्या बिजागरीच्या फटीत जाऊन बसला. जयंतराव आरती ठेवायला वळले, तेवढ्यात नंदाबाई माझ्यावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई गं, तू कधी उडू नकोस. एवढंच मागते."

शस्त्राची पूजा करून त्याने चालू नये असं मागणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. मला बोलता आलं असतं तर मी वचन दिलं असतं.

एप्रिलमध्ये तालीम ठरली. हार्विचचं बंदर मागे टाकून 'वैजयंती' मोकळ्या समुद्रात आली. सकाळचे अकरा-साडेअकरा, ऊन स्वच्छ, वारा बेताचा. आसपास एकही बोट नव्हती. नंदाबाई मागे सुकाणूशी बसल्या होत्या, शेजारी चहाचा थर्मास. त्यांच्या पाठीमागे काठीला ब्रिटिश बोटींचा लाल झेंडा फडफडत होता. जयंतराव केबिनच्या दारात, त्यांच्याकडे तोंड करून उभे. त्यांनी तेलाचा रिकामा डबा पाण्यात फेकला, मला उघडलं आणि दोन्ही नळ्यांत काडतुसं घातली. एक काडतूस दोनदा हातातून निसटलं. नंदाबाई तेव्हा क्षितिजाकडे बघत होत्या.

"डबा मागे जाऊ दे. लांब गेला की मारतो."

"अहो, राहू द्या ना. परत जाऊ या."

"वेळ आली तर कोण मारणार, तू? धर नीट."

त्यांनी सेफ्टीची कळ पुढे ढकलली. डबा बोटीच्या डावीकडून मागे सरकत होता, आणि माझं तोंड त्याच्यामागोमाग फिरत होतं. एक लाट आली. बोट कलंडली, डबा दिसेनासा झाला. तो शोधत त्यांनी मला उजवीकडे आणलं. त्या वाटेत नंदाबाईंचं डोकं होतं. चापावरचं बोट तेच, गोळी वळणारं. मी जीव खाऊन स्वतःला आवळून धरलं. पण चाप ओढला गेला की बंदुकीचं स्वतःवर काही चालत नाही.

बार झाला.

नंदाबाईंच्या कानापासून वीतभर अंतरावरून छर्रे गेले आणि मागच्या झेंड्यात मुठीएवढं भोक पडलं. झेंडा तसाच फडफडत राहिला. त्या बाईने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मला पाळता आली नव्हती.

पण भीती अजून पुढेच होती. धक्क्याने जयंतराव मागे दारावर आदळले आणि जागच्या जागी थिजले. माझं तोंड खाली आलं होतं आणि थेट नंदाबाईंच्या छातीकडे बघत होतं. डाव्या नळीत काडतूस होतं. त्यांचं बोट घसरून मागच्या चापावर आलं होतं आणि तिथे हलत होतं. थांबत होतं, पुन्हा हलत होतं. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते त्या भोकाकडे बघत होते. मला किंचाळायचं होतं. पण मला आवाज एकच येतो, आणि नेमका तोच तेव्हा यायला नको होता.

नंदाबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी सुकाणू सोडलं. बोट हळूच वाऱ्याकडे वळली, शिडं फडफडायला लागली. त्यांनी थर्मास उघडला आणि कपात चहा ओतला. अर्ध्यावर थांबल्या नाहीत. कप अगदी काठोकाठ भरला. त्यांचा हात स्थिर होता. मी इतका स्थिर हात त्या शेतकऱ्याचाही पाहिला नव्हता.

"अहो, चहा घ्या," त्या म्हणाल्या. नेहमीसारखंच.

जयंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ती आधी खाली ठेवा. तोंड पाण्याकडे करून. आज दोन्ही हात लागतील."

किती वर्षांची सवय असेल ती! त्या आवाजात चहा पुढे आला की जयंतरावांचे हात आपोआप मोकळे व्हायचे. त्यांनी बोट चापावरून काढलं, मला बाकावर आडवं ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. कप हातात गेल्याबरोबर चहा हिंदकळला. बोटांवरून, मनगटावरून, पँटवर सांडत राहिला. तो थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. नंदाबाईंनीही या वेळी नजर वळवली नाही. दोघंही त्या कपाकडे बघत होती.

"कधीपासून?" नंदाबाईंनी विचारलं.

"तू अर्धा कप द्यायला लागलीस ना, त्याच्या आधीपासून." जयंतराव म्हणाले. "दवाखान्यात एका बाईंचे दात बघत होतो. हातातला छोटा आरसा दाताला लागून वाजायला लागला. टक, टक, टक. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. मी त्याच आठवड्यात पाठदुखी काढली."

"मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तुम्ही खचाल."

"आणि मला वाटायचं, तुला कळलं तर आपलं हर्णै राहून जाईल."

मग मात्र नंदाबाईंना रडू फुटलं. उलट्या हाताने डोळे पुसत त्या पुढे आल्या, मला उघडलं आणि डाव्या नळीतलं काडतूस काढून समुद्रात फेकलं. ते बुडालेलं मी डोळे भरून पाहिलं.

लेस्टरला परतल्यावर त्यांनी आधी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आणि दुसऱ्याच दिवशी मला पिशवीत घालून पोलीस स्टेशनात आणलं. परत विकायची नाही, कुणाच्याच हातात जायला नको, असं नंदाबाईंनी ठामपणे सांगितलं. काउंटरवरच्या बाईंनी एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता: बंदूक जमा करण्याचं कारण. सवयीने नंदाबाईंनी पेन उचललं.

"थांब," जयंतराव म्हणाले. "मी लिहितो."

त्यांना खूप वेळ लागला. मागे दोन माणसं खोळंबली होती. एकेक अक्षर आधीच्यापेक्षा बारीक आणि वाकडं होत गेलं. इंग्रजीतली तीनच वाक्यं होती: 'माझे हात थरथरतात. क्ले पिजन खोटं होतं. बायको जवळ बसलेली असते.'

आता मी एका अंधाऱ्या खोलीत, गळ्यात कागदाची चिठ्ठी बांधून पडले आहे. गुरुवारी आम्हाला कापून वितळवायला नेणार आहेत. शेजारच्या बंदुका घाबरल्या आहेत. मला मात्र जन्मात पहिल्यांदाच भीती वाटत नाहीये. बिजागरीत तो तांदळाचा दाणा अजून आहे.

नंदाबाई, तुमचं मागणं एकदा माझ्याकडून मोडलं. गुरुवारनंतर ते कायमचं पाळलं जाईल.