पंचवीस ठोक्यांचा मैदा

बांधकाम साहित्याच्या तपासणी प्रयोगशाळेत पस्तीस वर्षे काढलेल्या त्या गृहस्थांना सहकारी पाठीमागे ‘मिलिमीटर’ म्हणत. निवृत्तीनंतर ते नाव त्यांच्या मागोमाग घरातही आले. त्यांची सून घरच्या घरी केक करून जवळच्या कॉफीच्या दुकानाला पुरवीत असे. तिचा वजनकाटा बंद पडला, तेव्हा मिलिमीटरांनी आपल्या औषधविक्रेत्या मित्राचा काटा एका दिवसापुरता आणला, आणि चौदा जिनसांचे ग्रॅम कपांत मांडणारा तक्ता स्वहस्ते लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला. त्यात मैद्याचा एक कप एकशे साठ ग्रॅमांचा होता.

“आता मीठ घालायलाही यांची सही लागणार,” पत्नी म्हणाली होती.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत सुनेचे केक मध्यभागी खचू लागले. दुकानातून दोनदा माल परत आला. मिलिमीटरांनी ओव्हनच्या तापमानावर ठपका ठेवला. कारागीर आला, त्याने ओव्हन उघडून पाहिला, पण त्यात दोष सापडला नाही.

मंगळवारी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा सून मैदा मोजत होती. तिने चमच्याने तो हलकेच कपात सोडला आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग सारखा केला. मिलिमीटरांच्या हातातला पेला तोंडापर्यंत गेलाच नाही. तक्ता करताना त्यांनी कप भरला होता तो प्रयोगशाळेच्या शिस्तीने: तीन थर, प्रत्येक थराला पंचवीस ठोके, साच्यात काँक्रीट भरावे तसा. त्यांनी काहीतरी निमित्त काढून तिने भरलेला एक कप मैदा डब्यातून मित्राकडे नेला. एकशे बावीस ग्रॅम भरले. म्हणजे दर कपामागे अडतीस ग्रॅमांची तूट, आणि तीही त्यांच्या सुवाच्य अक्षरात.

त्याच संध्याकाळी सांगायला हवे होते. जीभ रेटली नाही. बुधवारी, कोणी नसताना आकडा गुपचूप बदलावा, हाही विचार मनाला शिवून गेला. जन्मभर इतरांच्या नोंदींतली खाडाखोड पकडणाऱ्या त्या माणसाला स्वतःचीच शिसारी आली. तरी ते गप्पच राहिले.

शुक्रवारी सकाळी सून हातात फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

“आई, दुकानवाल्या ताईंना सांगून टाकते, दुसरं कोणीतरी बघा म्हणून. माझा हातच गेलाय.”

“अगं, दोन केक बसले म्हणून हात जातो होय? मग माझा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गेला होता. विचार यांना.”

सून हसली नाही. ती नंबर शोधू लागली.

“फोन ठेव जरा,” मिलिमीटर म्हणाले.

“बाबा, आता समजावू नका.”

“समजावत नाही. तक्ता चुकलाय. मी मैदा ठोकून भरला होता. तीन थरांत, पंचवीस-पंचवीस ठोके.”

“पीठ मोजत होतात की पूल बांधत होतात?” पत्नीने विचारले.

सुनेने फोन पालथा ठेवला. “कधी कळलं तुम्हाला?”

‘आत्ताच’ म्हणणे सोपे होते.

“मंगळवारी.”

“बुधवारी मी इथे रडत होते. तुम्ही पलीकडे पेपर वाचत होतात.”

“वाचत नव्हतो. नुसता धरला होता.”

सून उठली, तिने कपाटावरचा तक्ता ओढून काढला; त्याबरोबर थोडा रंगही निघाला.

“तो काटा परत घेऊन या. कप मी भरणार. तुम्ही फक्त आकडा लिहायचा.”

“बरं.”

“आणि दुपारी माझ्याबरोबर दुकानात चला. केक का बसले, ते ताईंना तुम्हीच सांगा.”

मिलिमीटर चपला घालता घालता थांबले. “सगळं सांगू?”

“मंगळवारपासूनचं सगळं,” सून म्हणाली, आणि मैद्याचा डबा उतरवायला आत गेली.