मेणातला गाल

कॅन्सरच्या लॅबमध्ये पेशींना ‘वाढत राहा’ असं सांगणारा संदेश रंग चढवून शोधत. रंग बरोबर चढलाय ना, हे पडताळायला आधीच माहीत असलेला एक नमुना रोज सोबत लावावा लागे. तिथे काम करणाऱ्या ताईंच्या टेबलावरचा तो नमुना म्हणजे त्यांच्या वडिलांचा गाल होता, तंबाखूने नासलेला, ऑपरेशनात तुकडा काढून मेणात बसवलेला. त्यात तो संदेश थांबायचं नावच घेत नसे. रंग हमखास गडद येई. वडील जाऊन सहा वर्षं झाली, तरी ताई रोज त्यांचा पापुद्र्याहून पातळ काप काढत.

आज तुकडा संपला.

“आता दुसरा शोधा,” डॉक्टर म्हणाले.

“शोधायचाय कशाला?” ताई फणकारल्या. “आमच्या घरातच आहे.”

धाकट्या भावाचं तोंड हल्ली दोन बोटंही उघडत नव्हतं, आणि तेवढ्या फटीतूनही तो तंबाखूची चिमूट आत सारतच होता.