कमरेवरचा हात

हे मी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे आणि आई मागे उभी राहून वाचते आहे. तेव्हा मधेमधे तिच्या हरकती येतील. तिला तेवढा अधिकार आहे. टेबल तिचं आहे.

तर, माझा अशील लिफ्ट दुरुस्त करतो. आरोप असा, की एका इमारतीच्या जिन्यात त्याने एका निवृत्त शिक्षिकेची पर्स हिसकावली आणि त्यांना ढकललं. बाईंचा खुबा मोडला. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं धूसर चित्रण संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होतं. अटक झाली तेव्हा लोकांचा निकाल लागून गेला होता.

हरकत. धूसर काय? मी पाहिलंय. माणूस चांगला दिसतो त्यात.

माणूस दिसतो, आई. कोणता, ते दिसत नाही. हरकत फेटाळली.

कोठडीत मी त्याला पहिल्यांदा भेटले. तो उभा राहिला, पण एक हात कमरेवरून काढेना. मला वाटलं, पोट दुखत असेल.

"डॉक्टर हवाय का?"

"नको, मॅडम. पट्टा काढून घेतलाय. पँट ढगळ आहे."

आत जाणाऱ्याचा पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतात. त्याने स्वतःच्या जिवाचं काही करू नये म्हणून. चांगला नियम आहे. मी मान हलवली आणि ते विसरून गेले.

बाहेर बाकावर त्याची बायको होती. तिने एवढंच विचारलं, "खटला उभा राहीपर्यंत ते आतच का?" जामीन मिळाला नाही तर हो, म्हटलं. म्हणजे कधीपर्यंत? ते मला सांगता येईना. खटले किती रेंगाळतात यावर मी परिषदेत भाषण ठोकू शकते. बाकावर बसलेल्या बाईला सांगायला वाक्य सापडत नाही.

हरकत. त्या शिक्षिकेचं कोण बघणार? तिच्या जागी मी असते तर?

मान्य. सगळ्यात मोठी हरकत हीच आहे, आणि पुढचं सगळं मी तुला त्या जागी धरूनच लिहिते आहे.

सर, म्हणजे माझे ज्येष्ठ वकील, म्हणाले, "जामिनाला पुराव्यात शिरू नकोस. कमावता एकटा आहे, मुलगी लहान आहे, एवढं बोल आणि खाली बस. ओळख परेडला हात लावलास तर कोर्ट वैतागेल." सर सहसा चुकत नाहीत. पण बाईंनी ज्यात याला ओळखलं, त्या परेडचा फोटो कागदांत होता. पोलिसांनी हौसेने जोडलेला, कारण परेड खरंच नेटकी होती. एका उंचीची माणसं, सारखे शर्ट, सारख्या मिशा. सगळ्यांचे हात सरळ खाली.

एकाचा हात कमरेवर.

मी फोटो उलटा ठेवला, पाणी प्यायले आणि पुन्हा सुलटा केला. हात तिथेच होता.

कोर्टात सरकारी वकील आधी मशीनवर बोलले. चेहरे जुळवणाऱ्या मशीनने याचंच नाव काढलं म्हणे. मी सांगितलं, त्या मशीनला त्या दिवशी इमारतीत आलेल्या बाहेरच्यांचे फोटो दिले आणि विचारलं, यांत सगळ्यात जवळचा कोण? यांतला कोणीच नाही, असं म्हणायची सोय त्याला ठेवलीच नव्हती. आणि हा तिथे होता, कारण लिफ्ट बंद होती.

"पण बाईंनी ओळखलंय," न्यायाधीश म्हणाले. "आणि परेडचा कस खटल्यात लागतो, वकीलबाई. आज नाही."

माझ्या मागे सर खोकले. तो खोकला मला पाठ आहे.

"खरं आहे. पण आज याला आत ठेवायला तेवढाच आधार आहे. फोटो एकदा बघावा, एवढीच विनंती."

"काय बघू?"

"चेहरे सोडून बाकी सगळं."

ते बघत राहिले. मग त्यांनी तपास अधिकाऱ्याला पुढे बोलावलं. "याने हात असा का धरलाय?"

"पट्टा काढला होता, साहेब. कोठडीचा नियम आहे."

"आणि बाकीचे?"

"ते बाहेरून आणले होते. त्यांना कशाला..." अधिकारी थांबले. भला माणूस. शर्ट स्वतः निवडून आणले होते त्यांनी.

बाई खोटं बोलल्या नाहीत. पोलीसही नाहीत. ओळीत एकच माणूस कोठडीतून आलेला दिसत होता आणि बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. आपण कोणीही दाखवलं असतं. झटपट न्याय हवा म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय, की तो हात बघायला लागणारा वेळ तुम्ही कुठून काढणार?

जामीन मंजूर झाला. सर म्हणाले, "पुढच्या वेळी मला आधी सांग, म्हणजे मी खोकणार नाही."

सुटल्यावर त्याला पट्टा परत मिळाला. बायको समोर उभी होती, तरी त्याने आधी पट्टा बांधला, नीट, शेवटच्या भोकापर्यंत. मग दोन्ही हात मोकळे करून तिच्याकडे गेला.

हरकत. त्याने केलं नाही, हे तुला नक्की माहीत आहे?

नाही. केलं, हेही कोणाला माहीत नाही. तोवर तो घरी झोपेल.

मग त्या बाईंना ढकललं कोणी?

हरकत मान्य. माणूस सापडला म्हणून शोध थांबला होता, तो आता पुन्हा सुरू होईल. तुझ्यासाठीही, आई.

आईने टेबलावरचा पेला उचलला. मला वाटलं, आत गेली.

"तुझ्या त्या चोराला..." म्हणाली आणि थांबली. "त्या लिफ्टवाल्याला विचार, आपली लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर सारखी का अडकते. उद्या दुपारी पाठव."

"दुपारी मी कोर्टात असते."

"माहीत आहे. मी आहे ना घरी."