तिसऱ्या ओळीतले नाव

मित्रांनो, लिहून घेतलेले नाव पत्र निघता निघता पुसून टाकणे हेच ज्याचे आयुष्यभराचे काम, असा मी एक जुना ईमेल प्रोग्राम आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका कागद कारखान्यात मी वीस वर्षे पत्रे वाहिली. माझ्या पहिल्या दोन ओळींतली नावे सर्वांना दिसत. तिसऱ्या, बीसीसीच्या ओळीतले नाव मी प्रत्येक प्रतीवरून काढून टाकी. ते उरे फक्त लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या प्रतीत. या इमानाचे तेव्हा कौतुक होई.

लिओना पेल्की तिथल्या प्रयोगशाळेत होती. लगदा शिजवण्याच्या खोलीतली विषारी वायू सुटल्याचा इशारा देणारी घंटा मॅनेजरने बंद ठेवली होती, कारण ती वाजली की काम थांबे. “हे बाहेर गेलं, तर तूही बाहेर,” असे त्याने तिला बजावले होते. तरीही तिने त्याच्याकडे ईमेलने लेखी तक्रार केली, आणि तिसऱ्या ओळीत आर्मांड थिबोडो यांचे नाव घातले. ते तिच्या वडिलांचे मित्र, आणि त्याच खोलीत राबणारे. मी ते नाव पुसले.

आर्मांडकाकांनी पत्र वाचले आणि भारावून ‘सर्वांना उत्तर’ दाबले: “पोरी, बापाचं नाव राखलंस. आता साहेब घंटा कशी लावत नाही ते बघतोच.”

लपलेला माणूस स्वतःच बोलू लागला, तर ते बोलणे पोचवणे हेही माझेच काम. मी ते मॅनेजरपर्यंत पोचवले.

घंटा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी लिओनाची नोकरी गेली.

ती टेबल आवरत असताना काका टोपी हातात धरून दारात उभे राहिले.

“मी शाबासकीच दिली होती गं.”

“हो काका. जरा मोठ्यानं दिलीत.”

“रागाव तरी माझ्यावर.”

“रागावून काय करू? तुम्ही खोकत नाही आहात, एवढं बास.”

ती गाव सोडून गेली. काका तिच्या बंद झालेल्या पत्त्यावर लिहीत राहिले, आणि प्रत्येक पत्र मला परत फिरवावे लागले. शेवटच्या पत्रात फक्त तिचे नाव होते. त्यानंतर कारखान्यात माझ्या तिसऱ्या ओळीला कोणी हात लावला नाही.

मित्रांनो, ज्यावर तुमचे नाव नाही असे पत्र कधी तुमच्या हाती आले, तर समजा, कोणीतरी स्वतः उघड्यावर राहून तुम्हाला आडोसा दिला आहे. मी नाव पुसू शकतो. आवाज मला पुसता येत नाही. उत्तर द्यायचेच असेल, तर उठा आणि त्या माणसापर्यंत चालत जा.